दारावरची टिचकी

एप्रिलमधली दुपार, साडेतीनचा सुमार. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका शोरूमच्या काचेबाहेर डांबर चकाकत होतं. आत एसीच्या गारव्यात नव्या रबराचा, प्लास्टिकचा आणि कुठल्याशा फ्रेशनरचा मिळून एक गोडसर वास भरून राहिला होता. मधोमध पांढरी वॅगन-आर आणि तिच्याभोवती एक अख्खं घर: सत्तरीकडे झुकलेले काका, गुडघ्यावर हात ठेवून खुर्चीत टेकलेल्या काकू, मुलगा आणि सून. मुलगा मोबाइलवर हप्ता काढत होता. सून मागच्या सीटवर बसून डोक्यावर किती जागा उरते ते बघत होती. सेल्समन स्क्रीनवर बोट फिरवून गाणं कसं लागतं ते दाखवत होता. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते वाकले, ड्रायव्हरच्या दारावर त्यांनी बोट अंगठ्याला ताणून एक टिचकी मारली, माठ घेताना मारतात तशी, आणि कान जवळ नेला. पुन्हा एक मारली. मग कमरेवर हात ठेवून सरळ होत म्हणाले, "डब्बा आहे नं बाप्पा हा." मुलगा मान वर न करता म्हणाला, "बाबा, आता सगळ्याच गाड्या अशाच येतात." सेल्समनने पाठ असलेलं वाक्य पुढे केलं, "काका, सहा एअरबॅग आहेत याच्यात. बेस मॉडेललेही." काका त्याच्याकडे जरा वेळ पाहत राहिले. "फुग्याचं नाही विचारलं भाऊ. मी पत्र्याचं विचारून राहिलो."

पत्र्याचं उत्तर तिथे कोणीच दिलं नाही.

ती टिचकी तेव्हापासून डोक्यात वाजते आहे. आपल्याकडे वस्तू पारखायची रीतच ही. उन्हाळ्याच्या तोंडाशी माठ घ्यायचा तर टिचकी मारायची: नीट भाजलेला खणखणतो, कच्चा बद्द वाजतो, तडा गेलेला लगेच फुटका सूर देतो. संत्रं घ्यायचं तर तळहातावर तोलायचं. आकाराच्या मानाने हलकं लागलं की आत रस कमी. दोन्ही पारखी खऱ्या आहेत. पण माठाच्या बाबतीत टिचकी खरं बोलते, कारण माठाची जी भिंत वाजते तीच पाणी धरते. मोटारीत जो पत्रा वाजतो तो काहीच धरत नाही. दाराचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटरचा, थोडा इकडे-तिकडे. तिप्पट किमतीच्या गाडीतही तो फारसा जाड नसतो. मग तिचं दार 'धप्प' का लागतं आणि याचं 'टण्' का वाजतं? एक म्हणजे पत्र्याला आतून चिकटवलेली डांबरासारखी जड डॅम्पिंग शीट. दुसरं रबरी बीडिंग: महाग गाडीत ते चौकटीवरही असतं आणि दारावरही, स्वस्त गाडीत बहुधा एकाच ठिकाणी. तिसरं लॉक, त्याच्या लोखंडी जिभेवर प्लास्टिकचं आवरण आहे की नाही. हे सगळं मिळून दारामागे काहीशे रुपयांचा मामला. कंपनी तेवढेच वाचवते आणि गिऱ्हाईक त्यावरून गाडी मजबूत की कचकड्याची हे ठरवतं. अपघातात मात्र यातली एकही गोष्ट कामाला येत नाही. तिथे भार घेतात ते दोन दारांमधला खांब, पायाखालचा उंबरा, छताची कड, इंजिनाच्या दोन बाजूंनी पुढे गेलेले दोन दांडे आणि दाराच्या पोटात दडलेली कडक पोलादाची आडवी नळी. तिथवर कोणाची टिचकी पोचत नाही. पातळ पत्र्याचा खरा त्रास वेगळाच. इतवारीच्या गल्लीत उभ्या गाडीला स्कूटरचं हँडल घासून गेलं तरी पोचा पडतो आणि डेंटिंग-पेंटिंगवाल्याला एका दाराचे तीन-चार हजार मोजावे लागतात.

पण काकांची शंका खोटी नव्हती, बोट तेवढं चुकीच्या जागी पडलं. ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये वॅगन-आरची टक्कर चाचणी जाहीर केली. ताशी ६४ किलोमीटरची समोरून धडक. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी १ तारा, मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य, आणि सांगाड्यावर शेरा 'अस्थिर'. त्या गाडीत दोन एअरबॅग होत्या. २०२५ पासून सगळ्या मॉडेलांत सहा मिळतात. ही सुधारणाच आहे, विशेषतः बाजूने धडक बसली तर. पण एअरबॅग वाढवल्याने सांगाडा आपोआप ताठ होत नाही, आणि काका नेमकं तेच विचारत होते. टाटांच्या टियागोला २०२० मध्ये ४ तारे मिळाले, तेही जुन्या आणि सौम्य नियमांखाली. म्हणून तारे मोजताना शेजारचं वर्ष वाचायचं. आपल्या देशाची अशीच चाचणी, भारत एनकॅप, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे; आपण घेतोय त्या गाडीची चाचणी तिथे झाली आहे का आणि कोणत्या वर्षीच्या मॉडेलची, हे शोरूमला जायच्या आदल्या रात्री घरी बसूनच बघून ठेवावं. शोरूममध्ये विचारलं तर उत्तराऐवजी चहा येतो. आणि एअरबॅग कितीही असोत, बेल्ट लावला नसेल तर फुगणाऱ्या पिशवीवर माणूस आदळतो आणि ती पिशवीच मार देते. बेल्ट मागे बसणाऱ्यांनाही लागतोच. आपल्याकडे मागचा बेल्ट सीटच्या फटीत खुपसून ठेवायची वस्तू आहे आणि नातू आजीच्या मांडीवर असतो. गाडीच्या किमतीचा हिशेब करताना लहान मुलाच्या वेगळ्या सीटचे पाच-सात हजार त्यात कोणीच धरत नाही.

त्या टेबलावर कोटेशनचा कागद पंख्याने फडफडत होता. असे कागद वाचायची एक पद्धत असते. समजा एक्स-शोरूम किंमत ६ लाख. पेट्रोल गाडी १० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात एकरकमी रस्ता कर ११ टक्के, म्हणजे ६६ हजार. मग विमा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो: १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, त्याच्यावर १५०० सीसीपर्यंत १०,६४०. वॅगन-आरचं लहान इंजिन ९९८ सीसीचं आहे, दोन सीसीने खालच्या पायरीत बसलेलं. मोठं १,१९७ सीसीचं वरच्या. त्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, पासिंग, नंबर प्लेट, फास्टॅग. असं करत ६ लाखांची गाडी ७ लाखांच्या घरात जाते. इथवरचं सगळं खरं असतं, पावतीवर येणारं. त्याखालच्या ओळी मात्र बोट ठेवून विचारायच्या: 'हँडलिंग', 'बेसिक किट', 'कोटिंग'. हँडलिंगची पावती कोणत्या नावाने मिळेल एवढं विचारलं तरी ती ओळ बऱ्याचदा पेनाने खोडली जाते. कोटिंगच्या सात-आठ हजारांत जो रंग वाचणार आहे त्याला उन्हापासून खरं वाचवायचं तर झाडाची किंवा शेडची सावलीच लागते. विमा शोरूमकडूनच घ्यावा अशी कुठलीही सक्ती नाही, पण बाहेरून घेताना झिरो डेप, म्हणजे भाग बदलताना घसारा न कापणारं कलम, विसरायचं नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत आपल्या खिशातून जाते, आणि आजच्या गाडीचे दोन्ही बंपर प्लास्टिकचेच आहेत. इंजिनाचं वेगळं संरक्षणही घ्यावं. नरेंद्रनगरच्या पुलाखाली जुलैत पाणी साचतं तेव्हा गाडी बंद पडते आणि माणूस घाबरून पुन्हा चावी फिरवतो. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. साधी पॉलिसी तो खर्च सहसा देत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी ढकलायची, सुरू करायची नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलेलं बरं.

गाडी चार मीटरच्या आत का संपते, डिकी मागून सुरीने कापल्यासारखी का दिसते, याचं कारणही करातच आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरखालच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा कर कमी केला तेव्हापासून आपल्या लहान गाड्यांचा शिंपी अर्थमंत्रीच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटाचा जीएसटी उपकर धरून २९ टक्क्यांवरून १८ वर आला. भाव उतरले आणि वॅगन-आरचं सुरुवातीचं मॉडेल पाच लाखांच्या आसपास येऊन ठेपलं. घरोघरी आनंद झाला, पण आदल्या वर्षी घेतलेल्यांच्या गाडीची सेकंड हँड किंमतही त्याच रात्री खाली सरकली.

हप्त्याचा हिशेब मुलगा करत होता तसाच सगळे करतात, 'महिन्याला किती बसते' इथून. ६ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १२,४५५ रुपये आणि एकूण व्याज १ लाख ४७ हजार. तेच सात वर्षांवर नेलं तर हप्ता ९,६५३ वर येतो, मनाला बरं वाटतं, आणि व्याज २ लाख ११ हजारांवर जातं. महिन्याला २,८०० रुपये हलकं वाटण्यासाठी ६४ हजार रुपये. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षी, बॅटरी-टायर-क्लच असे खर्च निघायच्या वेळी, हप्ताही चालूच.

गाडी पैसे वसूल आहे का हे गाडीभोवती फिरून कळत नाही. त्यासाठी किलोमीटरच बघायचे.

वहीचं एक पान घ्यावं. ७ लाखांना पडलेली गाडी आठ वर्षं ठेवली. वर्षाला ५ हजार किलोमीटर, म्हणजे एकूण ४० हजार. शेवटी २ लाख ४० हजारांना विकली, तर किमतीत गेले ४ लाख ६० हजार. पहिलं वर्ष सोडून सात वर्षांचा विमा ८४ हजार, सर्व्हिसिंग ६४ हजार (किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षाला एकदा ऑइल बदलावंच लागतं), टायरचा एक संच आणि दोन बॅटऱ्या मिळून २८ हजार. बेरीज ६ लाख ३६ हजार, म्हणजे किलोमीटरला १५ रुपये ९० पैसे. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं आणि शहरात एसी लावून १७ चं अॅव्हरेज, तर ६ रुपये १० पैसे आणखी. बरोबर २२ रुपये किलोमीटर. जाहिरातीतलं २४-२५ चं अॅव्हरेज प्रयोगशाळेत रोलरवर मोजलेलं असतं; व्हेरायटी चौकातल्या सिग्नलला ते लागू नाही. आता तीच गाडी वर्षाला १५ हजार किलोमीटर चालवली. विकताना १ लाख ९० हजारच आले, सर्व्हिसिंग वाढलं, टायरचे दोन संच गेले, क्लच बदलला, तरी सगळी बेरीज साडेसात लाख, आणि ती वाटली जाते १ लाख २० हजार किलोमीटरवर: ६ रुपये २५ पैसे. पेट्रोल धरून साडेबारा रुपयांच्या आत. बुटीबोरीला रोज कामावर जाणाऱ्यासाठी तीच गाडी निम्म्या भावाची झाली. आकडे प्रत्येकाचे वेगळे येतील, पण वहीत व्याज मिळवायचं विसरू नये आणि २२ चा आकडा ऑटोच्या भाड्याशेजारी लिहून बघावा.

निवृत्त माणसाच्या घरची गाडी म्हणजे आठवड्यातून दोनदा बाजार, डॉक्टर, एखाद्या रविवारी रामटेक, लग्नसराईत भंडारा-गोंदिया. वर्षाला ५ हजार फार झाले. वही म्हणते, घेऊ नका. पण मे महिन्यात दुपारी दोनला, पारा पंचेचाळिशीत असताना, दुखऱ्या गुडघ्याची बाई ऑटोची वाट पाहत उभी असते त्या वीस मिनिटांचा रकाना वहीत नसतो. म्हणून हिशेब झाल्यावरही लोक गाडी घेतात, आणि मला ते चूक वाटत नाही. फक्त आपण पेट्रोल वाचवायला नाही तर ही वीस मिनिटं वाचवायला पैसे देतोय, हे माहीत असलं की मॉडेल निवडताना हात बरोबर ठिकाणी जातो. मग अलॉय व्हीलवर पैसे जात नाहीत. मागच्या काचेचा वायपर आणि डीफॉगर, मागे डोकं टेकायला नीट उंचीचा आधार, चारही दारांना पॉवर विंडो, इकडे जातात.

याच कामात वॅगन-आरसारखी उंच गाडी भाव खाऊन जाते. तिची उंची १,६७५ मिलिमीटर आणि रुंदी १,६२०, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. दिसायला कपाटासारखी, पण सीट म्हाताऱ्या माणसाच्या कमरेच्या अंदाजाला येते. खाली बसून आत घुसावं लागत नाही आणि पाय उचलून चढावंही लागत नाही. ही परीक्षा सगळ्यात सोपी आणि कोणी न करणारी: घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला मागच्या दाराने तीनदा बसवायचं आणि उतरवायचं. उतरताना हात कुठे शोधतो ते बघायचं. दाराची कड धरावी लागली तर गाडी खाली आहे. शोरूममधल्या त्या घरात काकूंना कोणी अजून गाडीत बसवलंच नव्हतं.

एसीची परीक्षा तर नागपुरात गाडीच्या निम्म्या किमतीची. टेस्ट ड्राइव्ह सकाळी अकराला शोरूमच्या सावलीतली, आधीच गार करून ठेवलेली गाडी घेऊन करायची नाही. दुपारी दोन-अडीचला जायचं, डेमो गाडी अर्धा तास उन्हात उभी करायला लावायची, सोबत चार माणसं न्यायची. बसल्यावर आधी काचा खाली करून दोन मिनिटं चालवायची, म्हणजे आतली भट्टी बाहेर जाते. मग काचा बंद, हवा आतली आतच फिरवायचं बटण दाबायचं. दहा मिनिटांनी मधल्या जाळीत एक साधं डिजिटल थर्मामीटर खुपसायचं. गाडी चालती असताना १० ते १२ अंश दिसले तर चांगलं. पण खरी गोष्ट सिग्नलवर कळते. गाडी उभी, इंजिन मंद, कंप्रेसर हळू फिरतो आणि कंडेन्सरला पंख्याशिवाय वारा नाही. तीन मिनिटं उभं राहून आकडा विशीकडे पळाला तर मे महिन्यात मागे बसलेल्यांचे हाल आहेत, कारण लहान गाड्यांत मागे एसीची जाळी सहसा नसतेच. मग वर्धा रोडच्या दुमजली पुलाचा चढ घ्यायचा. पाय पूर्ण दाबला की लहान इंजिनाचा संगणक काही क्षण कंप्रेसर सोडतो, जाळीतली हवा कोमट होते. तो बिघाड नव्हे, ताकदीची वाटणी आहे. एक लिटरचं इंजिन तीन सिलिंडरचं, उभ्या गाडीत त्याची थरथर स्टिअरिंगला आणि डाव्या बाजूच्या आरशात दिसते. चार सिलिंडरचं मोठं इंजिन तिथे शांत असतं. चार माणसं आणि एसी नेहमीचेच असतील तर मोठ्या इंजिनाचे जास्तीचे पैसे वसूल होतात. एकट्याने ऑफिसला जायचं तर नाही.

सीएनजीबद्दल या शहराचा अनुभव पुण्या-मुंबईसारखा नाही. इथे गॅस पाइपने येत नव्हता तेव्हा टँकरने लांबून यायचा, आणि २०२२ च्या मार्चमध्ये भाव किलोला १२० रुपयांपर्यंत गेला होता. सीएनजी मॉडेलला समजा ९० हजार जास्त पडले. शहरात किलोला २६ किलोमीटर मिळाले आणि भाव ९० असेल, तर किलोमीटरला साडेतीन रुपये; पेट्रोलपेक्षा सुमारे २ रुपये ६५ पैसे वाचतात, आणि ३४ हजार किलोमीटरवर जास्तीचे पैसे फिटतात. भाव पुन्हा १२० झाला तर हाच टप्पा ६० हजारांवर जातो. काकांच्या रनिंगला ती बारा वर्षं झाली. त्यात ३४१ लिटरची डिकी टाकीने भरून जाते, बॅग मांडीवर येते. टाकी ६० लिटरची म्हणतात, पण ते पाण्याचं माप. गॅस आठ-नऊ किलोच मावतो, आणि कडक उन्हात पंपावर त्याहूनही कमी भरला जातो, कारण तापलेला गॅस लवकर २०० बारचा दाब दाखवतो. पहाटे भरावा. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी. देशभरातल्या अशा सिलिंडरांना मंजुरी देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, आणि तरी तारीख उलटलेली टाकी घेऊन फिरणाऱ्या गाड्या इथेही कमी नाहीत. सेकंड हँड सीएनजी गाडी घेताना आधी टाकीच्या पट्टीवरची तारीख वाचायची, रंग-बिंग नंतर.

सेकंड हँडचा विषय निघाला म्हणून सांगतो. कमी रनिंगच्या घराला चार ते सहा वर्षांची गाडी हा खरा हिशेबी मार्ग. दोन वर्षांच्या वॅगन-आरला लोक नव्याच्या आसपास मागतात, तिच्या वाट्याला जाऊ नये. पण नागपुरात जुनी गाडी घेताना एक तारीख डोक्यात ठेवावी लागते: २३ सप्टेंबर २०२३. मध्यरात्रीनंतरच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरात शिरली, मोरभवन बसस्थानकातल्या बसा पाण्यात उभ्या होत्या आणि कित्येक गाड्या डॅशबोर्डपर्यंत बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा विकल्या गेल्या असणार. अशी गाडी ओळखायची तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा. शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही, गाळाची पिवळट रेषा तिथे सापडते. सीट पुढे सरकवून खालच्या पट्ट्यांचे बोल्ट बघायचे, स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात बोट फिरवायचं, डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरींच्या जोडांवर हिरवट पूड आहे का ते पाहायचं. एसी लावल्यावर पहिल्या दहा सेकंदांत येणारा वास घ्यायचा. फ्रेशनर लटकवलेलं असेल तर आधी ते बाहेर काढायला लावायचं. आणि चावी फिरवताना एअरबॅगचा लाल दिवा बघायचा. तो पेटून विझला पाहिजे. मुळीच पेटला नाही तर कोणीतरी दिव्याचीच वाट लावली आहे, म्हणजे सर्किटमध्ये बिघाड आहे आणि तो लपवलाय. बाकी रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता अनेक मेकॅनिककडे असतं: मूळ रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन, दोनशेच्या पुढे गेला तर पुन्हा रंगवलेलं, तीनशेच्या वर म्हणजे खाली पुट्टी. एका दारावर पुट्टी निघाली तर भाव पाडावा. खांबावर किंवा उंबऱ्यावर निघाली तर आभार मानून निघावं. आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं थकली आहेत का, हे ऑनलाइन दिसतं. नंबर एमएच ३१, ४० की ४९ याने गाडीत काही फरक पडत नाही, दलाल काहीही सांगो.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आणखी एक परीक्षा आली आहे. ७०१ किलोमीटरचा सरळ काँक्रीट रस्ता, ताशी १२० ची मर्यादा, आणि खाली तापलेली फरशी. आठशे-साडेआठशे किलोची उंच गाडी तिथे चालते, पण ट्रकच्या बाजूने पुढे निघालं की वाऱ्याचा धक्का स्टिअरिंगवर जाणवतो. ताशी ९०-१०० वर ती सुखात असते, १२० वर इंजिन ओरडतं आणि माणूस शिणतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, '३४२२' म्हणजे २०२२ चा ३४वा आठवडा; पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर नक्षी शाबूत असली तरी या रस्त्यावर नेऊ नये. हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी भरायची. 'उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमी ठेवतो' हा पंपावरचा सल्ला उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त चेमटतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो.

एवढं सगळं असूनही ही गाडी खपते का, तर तिच्या बोनेटमध्ये नसलेल्या एका गोष्टीमुळे. चंद्रपूरच्या अलीकडे कुठेही बंद पडली तर तिथला मेकॅनिक तिच्यात हात घालू शकतो. आरशाची काच, क्लच प्लेट, फिल्टर तालुक्याच्या दुकानात मिळतं. विकायला काढली तर चार दिवसांत गिऱ्हाईक येतं. लोकप्रिय असण्याचं मोल ते हेच, आणि तेच आपण विकत घेतो. कमी खपाची, जास्त मजबूत गाडी घेणारा सांगाड्याच्या बाबतीत शहाणा ठरतो, पण आठ वर्षांनी एका हेडलाइटसाठी तीन आठवडे थांबतो. या दोन पारड्यांत माझं माप अलीकडे सांगाड्याकडे झुकतं. घरातली गाडी शहराबाहेर पडणार नसेल, तर ते दुसरीकडे झुकलेलंही मी समजू शकतो.

त्या दिवशी शोरूममध्ये शेवटी काकूंना मागच्या सीटवर बसवलं. त्या बसल्या, एकदा हात पसरून सीट चाचपली आणि कुठेही न धरता उतरल्या. "हे बरं आहे," एवढंच म्हणाल्या. मुलाने टोकनचं विचारलं. काकांनी कोटेशनचा कागद चौपट घडी करून खिशात टाकला. "दोन दिवस थांब. मी कोणाले तरी पत्र्याचं विचारतो." दार ढकलून ते बाहेर उन्हात गेले.

बाहेर त्यांची मारुती ८०० उभी होती. एमएच ३१, काळवंडलेली चांदी, पंधरा वर्षं संपल्यावर पाच हजार भरून पुन्हा पासिंग केलेली. उणीपुरी साडेसहाशे किलोची गाडी, आतल्या वॅगन-आरपेक्षा दीडशे-दोनशे किलोने हलकी. काकूंनी आत बसताना एका हाताने छताची कड धरली, दुसऱ्याने दार. काका वळसा घालून आपल्या बाजूने बसले, दार ओढलं. ते लागलं नाही. उघडून पुन्हा ओढलं, या वेळी जोरात, आणि शोरूमच्या काचेतूनही ऐकू आलं, तसंच, टण्.